मापाची सावली

‘पुण्याचा पारा चाळिशीपार’ अशी बातमी येते तेव्हा तो चाळिशीचा आकडा सावलीतला असतो. तापमान मोजायची हवामान खात्याची जुनी रीत अशी, की तापमापक पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवायचा. पेटीचं दार उत्तरेकडे उघडायचं, म्हणजे आकडा वाचतानासुद्धा ऊन आत शिरत नाही. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं, म्हणजे हवामान खात्याच्या तिथल्या कचेरीचं, नाव पुणेकराला वर्षानुवर्षं अशाच आकड्यांमुळे ठाऊक आहे. या पेटीच्या अगदी उलट वस्तू बघायची असेल तर एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता उघड्यावर लावलेली कुठलीही गाडी बघावी. चहूबाजूंनी काच, आत काळा डॅशबोर्ड, आणि हवा जायला-यायला वाट नाही. अशा गाडीच्या समोरच्या काचेला आतून लावायचा सनशेड कसा निवडावा आणि कसा वापरावा, त्याचा हा हिशेब.

ऊन म्हणजे नुसता उजेड नव्हे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यात निम्म्याहून थोडा कमीच असतो. साधारण निम्मा वाटा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, आणि चिमूटभर अतिनील. समोरची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून केलेलं सँडविच असतं. हा पापुद्रा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो, पण प्रकाश आणि अवरक्त यांतला बराचसा भाग आत सोडतो. तो काळ्या डॅशबोर्डवर पडतो, डॅशबोर्ड तापतो आणि उष्णता परत फेकायला लागतो. ही परत फेकलेली उष्णता लांब लहरींची असते आणि काच तिला आरपार जाऊ देत नाही. त्यात तापलेल्या हवेलाही वर निसटायला फट नाही.

भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. हॅचबॅकची समोरची काच चौरस मीटरच्या आसपास भरते. ती तिरकी असते, थोडं ऊन परतवते, थोडं स्वतः पिते. तरीही चारशे-पाचशे वॅट आत येतात असं धरायला हरकत नाही. घरातली हलकी इस्त्री १००० वॅटची असते. तेव्हा अर्धी इस्त्री डॅशबोर्डवर पालथी ठेवून आपण तीन तास खरेदीला गेलो, असा त्याचा हिशेब.

२०१८ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी पारा ३८च्या वर असलेल्या दिवसांत उन्हात आणि सावलीत गाड्या उभ्या करून तासाभराने आतली तापमानं मोजली होती. उन्हातल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीत हवा ३८, सीट ४१, स्टिअरिंग ४२, डॅशबोर्ड ४८. ॲरिझोनातल्या टेम्पी शहराचं वाळवंटी ऊन आणि आपलं एप्रिलचं कोरडं ऊन अगदी सख्खी भावंडं नसली तरी चुलत नक्की आहेत. या आकड्यांमध्ये बघण्यासारखं हे, की सावलीने हवेत ९ अंशांचा फरक पडला आणि डॅशबोर्डमध्ये २१ अंशांचा. त्वचेला साधारण ४४-४५ अंशांच्या पुढे चटका बसायला लागतो. म्हणजे ५३ आणि ४२ यांच्यातला फरक हा ‘स्टिअरिंग धरता येत नाही’ आणि ‘धरता येतं’ यांच्यातला फरक आहे.

सनशेडकडून अपेक्षा ठेवायची ती इथूनच. तो झाडाची सावली देत नाही, कारण छप्पर उघडंच राहतं आणि बाजूच्या काचाही. शेड लावूनही दार उघडलं की तोंडावर झळ येणार. हवेत फरक थोडाच पडतो. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, गिअरची मूठ, पुढच्या सीटचा बसायचा भाग यांत मात्र मोठा फरक पडतो. आणि ते महत्त्वाचं अशासाठी, की गाडीतली हवा एसी पाच मिनिटांत बदलून टाकतो, पण तापलेला डॅशबोर्ड पुढची वीस मिनिटं शेगडीसारखा धगधगत राहतो. एसीच्या झोतांची तोंडंही त्याच शेगडीत बसवलेली.

दुकानात शेड हातात आला की लोक त्याची चकाकी बघतात. मग जाडी बोटांत चेपून बघतात. बघायची असते ती कड. १४० सेंटिमीटर रुंद काचेच्या खालच्या बाजूला नुसती पाच सेंटिमीटरची फट राहिली तर ती ७०० चौरस सेंटिमीटर होते. तेवढ्यातून भर दुपारी तीस-पस्तीस वॅट आत येतात, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढे. वरची फट आणखी वेगळा त्रास देते. शेड आणि काच यांच्यामध्ये अडकलेली हवा तापते, वर चढते आणि नेमकी त्या फटीतून केबिनमध्ये उतरते. साध्या कापडाचा पण कडेपर्यंत नीट बसणारा शेड हा महागड्या, चकचकीत पण चारी बाजूंनी तोकड्या शेडपेक्षा केव्हाही बरा.

चकाकीचं काम काय, तेही नीट समजून घ्यावं. काचेतून आत आलेला प्रकाश एकदा कुठल्याही वस्तूने पिऊन टाकला की त्याची उष्णता झाली, आणि ती आतच राहिली. त्याआधीच, प्रकाश असतानाच त्याला आल्या वाटेने परत पाठवायचं, एवढंच परावर्तक पृष्ठभागाचं काम. म्हणून चकचकीत बाजू काचेकडे. एका बाजूला चंदेरी आणि दुसऱ्या बाजूला काळा असा शेड कुणी काळी बाजू बाहेर ठेवून लावलेला दिसतो, तेव्हा त्याने शेड लावलेला नसतो, तवा लावलेला असतो. सिग्नलला मिळणाऱ्या काळ्या जाळीच्या पडद्यांचंही तेच. जाळी निम्मं ऊन आत सोडते, उरलेलं पिते आणि स्वतः तापून आतल्या आत उष्णता वाटत बसते. त्यापेक्षा घरातली जुनी पांढरी चादर बरी. पांढरं कापड चंदेरी वर्खाइतकं नसलं तरी बरंच ऊन परतवतं, आणि चादर वायझरच्या मागे खोचली की कडेपर्यंत पसरते.

आता बाजारात काय मिळतं ते. घडीचा शेड, म्हणजे हार्मोनियमच्या भात्यासारखा उघडणारा, सगळ्यांत जुना आणि अजूनही वाईट नाही. पुठ्ठ्याचा असेल तर घड्यांच्या रेषेवर वर्ख सोलतो. बबलचा असेल तर दोन उन्हाळ्यांत बुडबुड्यांतली हवा जाते आणि तो लुळा पडतो. लुळा पडला की मधोमध पोट काढून डॅशबोर्डवर बसकण मारतो. त्याचा खरा दोष म्हणजे कडा सरळ असतात आणि काचेचे कोपरे गोल. चारी कोपऱ्यांत त्रिकोणी फटी राहतात. दोनशे-तीनशे रुपयांत मात्र याहून जास्त मागू नये.

तारेच्या कड्यांचा शेड लावायला सोपा, घडी घालायला अवघड. पिशवीतून काढला की फटकन उघडतो आणि परत पिशवीत जाताना माणसाचा अंत बघतो. युक्ती मनगटात आहे. कडेला घड्याळात ९ आणि ३ वाजतात त्या दोन जागी धरायचं, एक हात पुढे आणि एक मागे असा पीळ द्यायचा की इंग्रजी आठाचा आकडा होतो. मग एक गोल दुसऱ्यावर दुमडायचा आणि वर हलकंच दाबायचं. तिसरा गोल आपोआप तयार होतो. जोर लावून, चुरगाळून घडी घातली की तार वाकते आणि वाकलेली तार पुन्हा गोल होत नाही. मग कापडाच्या नेफ्यातून तिचं टोक बाहेर येतं आणि डॅशबोर्डवर ओरखडा उठवतं. घेतानाच नेफ्याची शिवण बोटाने चाचपून बघावी. एकेरी टाका असेल तर परत ठेवावा. दोन वेगळे गोल एकमेकांवर चढवायचे जे येतात, ते मध्ये चढवायला हाताशी जागा देतात म्हणून वेगवेगळ्या गाड्यांना चालून जातात. मधल्या जोडावर ते सरकतात, तिथे एक कपड्याचा चिमटा लावला की प्रश्न मिटतो.

छत्रीचा शेड अलीकडे फार दिसतो आणि त्याचं कौतुक जरा जास्तच होतं. उघडायला दहा सेकंद, मिटवून दाराच्या खणात. हे खरं. पण छत्रीला दांडा असतो आणि दांड्याला जागा लागते. डॅशबोर्डवर उभा टॅबलेटसारखा स्क्रीन असलेल्या गाड्यांमध्ये दांडा किंवा काड्यांची टोकं नेमकी त्या स्क्रीनवर येतात. रोज एक काडी रोज त्याच जागी टेकली की महिन्याभरात तिथे पांढरट ठिपका दिसायला लागतो. दांडा वाकवता येणारा असावा, काड्यांच्या टोकांना रबरी टोप्या असाव्यात आणि काड्या दहा असाव्यात, आठ नव्हेत. काड्या कमी तितक्या दोन काड्यांमधल्या झोळीत कडेला फटी जास्त. छत्री मोडते ती रिव्हेटच्या जागी, पावसाळी छत्रीसारखीच. फरक इतकाच की तिच्या दुरुस्तीला कुणी बसलेला नसतो.

माझ्या मते पैसे टाकावेत ते गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी कापलेल्या शेडवर. मध्ये फोमचा थर, बाहेर वर्ख, कडेला शिवलेली पट्टी, आरशाच्या देठासाठी खाच. दीड-दोन हजारांपर्यंत जातो. गुंडाळून ठेवावा लागतो, आणि ती नळी छोट्या गाडीत कुठे ठेवायची हा प्रश्न राहतोच. पण काचेत बसवला की वायझर न पाडताही तो आपल्या कडकपणावर उभा राहतो, आणि कोपऱ्यातून उजेडाची रेघसुद्धा आत येत नाही. उन्हात गाडीत बसून शेड लावून दार लावावं आणि बघावं. जिथे जिथे उजेड दिसतो तिथे तिथे ऊन आहे. शेड चांगला की वाईट हे ठरवायला याहून दुसरी परीक्षा लागत नाही.

व्हॅक्यूमच्या चकत्यांनी चिकटणारे शेड घेऊ नयेत. चकत्या मऊ प्लास्टिकच्या, उन्हाने त्यातला मऊपणा उडून जातो, कडा वाळतात. एप्रिलमध्ये लावलेली चकती मेमध्ये पडते आणि काचेवर गोल तेलकट डाग ठेवून जाते.

माप घ्यायचं ते आतून, आणि टेप नुसती आडवी-उभी टाकून नाही. खालची रुंदी काचेच्या दोन्ही खांबांच्या मधली, डॅशबोर्ड जिथे काचेला भिडतो तिथली. वरची रुंदी छताच्या कापडाला लागून. उंची मधोमध, पण काचेच्या उतारावरून, सरळ उभी नव्हे. उतारावरची उंची सरळ उंचीपेक्षा बरीच जास्त भरते आणि चुकीचा शेड येतो तो बहुधा इथेच. मग आरशाचा देठ वरच्या कडेपासून किती खाली आहे ते. छोट्या हॅचबॅकला साधारण १३० बाय ७० सेंटिमीटर आणि मोठ्या एसयूव्हीला १५० बाय ८५च्या आसपास लागतं, पण अंदाजाने घेऊ नये, कारण आखूड आणि उभ्या काचेच्या गाड्या या हिशेबात बसत नाहीत. मापापेक्षा सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर मोठा घ्यावा. त्याहून मोठा घेतला तर वायझर त्याला दाबून धरताना मागे रेटला जातो. रोजचा हा रेटा वायझरच्या बिजागरीला सोसत नाही. मग ती ढिली पडते आणि वायझर ऐन ट्रॅफिकमध्ये डोळ्यांवर उतरतो.

घरी करायचा असेल तर रद्दीतून पेपर काढावा. मोठी पानं चिकटवून काचेएवढा कागद करायचा, गाडीत बसून काचेला लावायचा, कडेकडेने नखाने दाबत रेघ पाडायची आणि कापायचं. हा फर्मा पुन्हा काचेला लावून बघावा. पहिल्या वेळी तो कधीच बरोबर बसत नाही. मग बोहरी आळीत नाहीतर जिथे पत्र्याच्या छपराखाली लावायचं चंदेरी बबल-शीट मिळतं तिथून सव्वा मीटर रुंदीचं शीट दीड-दोन मीटर आणावं. जाडी चार मिलिमीटर पुरे, आठ मिलिमीटरचं गुंडाळत नाही. फर्म्यापेक्षा एक सेंटिमीटर जास्त ठेवून कापायचं. शीटची रुंदी कमी पडते तेव्हा जोड आरशाच्या रेषेत घ्यावा, तिथे तसंही कापावंच लागतं. कडेला खाकी टेप मात्र लावायची नाही. उन्हात तिचा गोंद वितळून बाहेर येतो आणि काचेला लागतो, आणि मग तो काढायला रॉकेल शोधत फिरावं लागतं. सीट कव्हर शिवणाऱ्याकडे नेऊन कडेला रेक्झिनची नाहीतर कापडी पट्टी मारून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम असतं आणि शेडला कणा येतो.

डॅशबोर्डवरच्या गणपतीचं काय, हा प्रश्न पुण्यात टाळता येत नाही. मूर्ती मध्यभागी, काचेपासून चार बोटांवर चिकटवलेली असते. शेड तिच्या पुढून घ्यावा तर खालची कड काचेपासून सुटते आणि मोठी फट राहते. मागून, म्हणजे काच आणि मूर्ती यांच्या मधून घ्यावा तर जागा नाही. शेडच्या खालच्या कडेला मधोमध मूर्तीएवढी खाच ठेवावी, किंवा मूर्तीच डॅशबोर्डच्या पुढच्या ओठाकडे, आपल्या बाजूला सरकवावी. एअरबॅगचं झाकण सोडून. अत्तराची जेलची डबी असेल तर ती मात्र काढूनच टाकावी. ती तापून पाझरते आणि ते द्रव प्लास्टिकवर सांडलं की कायमचा चट्टा पडतो.

आरशाच्या मागे आणखी गर्दी असते. फास्टॅगचा स्टिकर, पाऊस ओळखणारा सेन्सर, नव्या गाड्यांत कॅमेरा. शेडची कड त्यावर रोज घासली की स्टिकरचा कोपरा उलगडतो. डॅशकॅम असेल तर जास्त जपावं, कारण शेड लावल्यावर तो काच आणि शेड यांच्या मधल्या, सगळ्यांत तापणाऱ्या सांदीत अडकतो. लिथियम बॅटरीचा डॅशकॅम अशाने फुगतो. एक तर शेडला त्याच्यापुरतं खिंडार ठेवावं, नाहीतर काढून खणात टाकावा. घेतानाच बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घेतला तर ही चिंता पुष्कळ कमी होते.

सनरूफचा पडदा ओढून घ्यायला लोक विसरतात. मग समोरचा शेड कितीही चांगला असो, डोक्यावरून थेट ऊन येत राहतं.

कारण पुण्यात मेमध्ये ऊन खरोखर डोक्यावरच असतं. शहर साडेअठरा अक्षांशावर. १३ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावली म्हणतात तो हा दिवस. अशा वेळी समोरच्या काचेपेक्षा छप्पर जास्त तापतं. समोरच्या काचेचा कहर सुरू होतो तो तीननंतर, सूर्य पश्चिमेला कलल्यावर, आणि तोही फक्त तोंड पश्चिमेकडे असलेल्या गाडीचा. दुपारी गाडी लावायची असेल आणि दिशा आपल्या हातात असेल तर तोंड पूर्वेला करावं. ऊन मागच्या काचेवर घ्यावं. ती काच लहान असते आणि तिच्या मागे डॅशबोर्ड नसतो. सकाळी दहापर्यंतचंच काम असेल तर उलट.

शहरात दिशा बहुधा आपल्या हातात नसते. बाजीराव रस्त्यासारख्या उत्तर-दक्षिण रस्त्यावर मात्र एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तीननंतर पश्चिमेकडच्या इमारतींची सावली त्याच बाजूच्या फुटपाथलगत पडते. तेव्हा पी-१, पी-२ची पाटी वाचताना नुसती तारीख सम आहे की विषम एवढंच बघू नये. आज पार्किंगची बाजू सावलीची आली की उन्हाची, हेही बघावं. उन्हाची आली असेल तर शेड हवाच.

झाडाखाली गाडी लावली की झालं, असं म्हणणाऱ्याने जरा भूमिती करावी. मेच्या मध्यावर दहा मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली दुपारी तीनला खोडापासून सुमारे सात मीटर पूर्वेला पडते, चारला पावणेबारा मीटर आणि पाचला वीस मीटर. एकला बुंध्याशी लावलेली गाडी तीनपर्यंत उन्हात आली असं समजा. तीन तासांचं काम असेल तर गाडी झाडाच्या पूर्वेला पाच-सात मीटरवर लावावी. पहिला तास ऊन लागेल, पुढचे दोन सावली. आणि झाड कोणतं तेही बघावं. गुलमोहर मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ निष्पर्ण असतो, काड्यांची सावली ती काय. कडुनिंब तोवर नव्या पालवीने भरलेला असतो, त्याच्याखाली गाडी लावावी. रेन ट्रीची सावली उत्तम, पण त्याच्या शेंगांतला चिकट गर बॉनेटवर पडून उन्हात वाळला की पाण्याने निघत नाही. ओला फडका दहा मिनिटं वर ठेवून मगच पुसावा. सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या त्या मानाने निरुपद्रवी, फक्त वायपरखालच्या जाळीत साठतात आणि पहिल्या पावसात तिथलं पाणी तुंबवतात.

काच दोन बोटं खाली ठेवून जायची सवय पुष्कळांना असते. २००५ साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीतली हवा तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलेली दिसली, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात. काचा दीड इंच खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. वरून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चार वाजता वळीव येतो आणि त्या दोन बोटांतून सीट भिजवून जातो. याच आकड्यांमुळे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. शेड लावला, काच थोडी खाली आहे, पाचच मिनिटांचं काम आहे, म्हणून मूल किंवा कुत्रं गाडीत सोडून जायचं नाही. तसंच इन्सुलिन, पॉवर बँक आणि डिओचे डबेही. डिओच्या डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं छापलेलंच असतं, आणि डॅशबोर्ड तेवढा सहज होतो.

बाजूच्या काचांना काय लावावं? गाडी उभी असताना काहीही. चालताना काही नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि २७ एप्रिल २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मसोबत काचेवर लावलेल्या अन्य कुठल्याही वस्तूलाही मनाई केली. चुंबकाचे पडदे सोयीचे, पण निघताना काढायला विसरलात तर चौकातला हवालदार आठवण करून देईल. पावतीसकट.

गाडीकडे परत आल्यावर लगेच शेड ओढून काढू नये. आधी एका बाजूची मागची काच पूर्ण खाली करायची, आणि तिच्या समोरच्या कोपऱ्यातलं, म्हणजे चालकाचं नाहीतर शेजारचं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं उघडझाप करायचं. कोंडलेली हवा ढकलून बाहेर जाते. मग शेड काढायचा, एसी सुरू करून पहिली दोन मिनिटं बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवायचं, काचा थोड्या खाली. त्यानंतर काचा वर आणि आतल्या हवेचं बटण. पहिल्या मिनिटापासून आतलीच हवा फिरवत ठेवली तर एसी पन्नास अंशांची हवा थंड करत बसतो, बाहेर अडतिसाची फुकट मिळत असताना. समोरच्या काचेला खडा लागून चीर गेली असेल तर एसीचा गार झोत थेट तिच्यावर सोडू नये, आणि तापलेल्या काचेवर गार पाणी तर कधीच ओतू नये. चीर बघता बघता लांबते.

शेड घरी राहिला असेल त्या दिवशी स्टिअरिंगवर ओलसर पंचा टाकून जावं. तासाभरात वाळतो, पण हात भाजत नाहीत. स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवून ठेवलं तरी चालतं. उन्हात तापलेला वरचा भाग खाली जातो आणि धरायला सावलीतला वर येतो. निघताना ते सरळ करायला तेवढं विसरू नये.

जूनमध्ये पाऊस लागला की शेड डिकीत फेकला जातो. ओला नसला तरी घामट, धुळीने भरलेला. चार महिन्यांत फोमला कुबट वास लागतो आणि रबरी बंद सैल पडतात. त्याआधी एकदा साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून (चोळून नव्हे, चोळलं की वर्ख सुटतो) सावलीत दोन दिवस टांगावा आणि घरात, उभा, गुंडाळून ठेवावा. जुलैच्या शेवटी सूर्य पुण्याच्या माथ्यावर दुसऱ्यांदा येतो, पण ढगांमुळे तो दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. शेड बाहेर काढायचा तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा सूर्य दक्षिणेला सरकलेला असतो, दुपारीही तिरका. मेमध्ये ज्या जागी गाडीचं तोंड दक्षिणेला असून चाललं होतं तिथे आता थेट समोरून ऊन येतं. दसऱ्याला गाडीला हार घालताना शेड एकदा काचेला लावून बघावा, कोपऱ्यातून उजेड दिसतोय का ते.